पतसंस्थेच्या ठेवी 14 टक्के वाढल्या, देश 6.5 टक्के. ही तुलना बरोबर आहे का?

निवृत्त_मास्तर (निफाड)
परवा आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा झाली, 2024-25च्या अहवालावर. चेअरमन माईकवर म्हणाले, "देश साडेसहा टक्के वाढला. आपल्या ठेवी 42 कोटींवरून 48 कोटी. दुप्पट वेग!" टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी चहा घेताना वाटलं, काहीतरी खटकतंय. 38 वर्षं गणित शिकवलं, पण नेमकं बोट ठेवता येईना. ग्रॅच्युइटीचे पैसे तिथेच आहेत, 9 टक्क्यांनी. म्हणून विचारतो.

हिशोबनीस
गुरुजी, साडेसहा हा महागाई वगळून काढलेला आकडा. ठेवींतून महागाई कुणी वगळलीय? मे 2025मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत चालू किमतींनी, म्हणजे महागाई धरून, वाढ 9.8 टक्के होती. तुलना करायचीच तर तिच्याशी करा. शिवाय लोकांनी न उचललेलं व्याज ठेवीतच जमा होतं. नफा-तोटा पत्रकात 'ठेवींवरील व्याज' किती आहे ते बघा.

निवृत्त_मास्तर
3 कोटी 81 लाख! आमच्याकडे दामदुप्पटवालेच जास्त, महिन्याला व्याज उचलणारे मोजके. म्हणजे सहा कोटींतली निम्मी वाढ तर आमच्याच व्याजाची निघाली. वाजवलेल्या टाळ्या परत घेता येतात का?

वसुलीवाला (लासलगावकडचा)
मी दुसऱ्या एका पतसंस्थेत आहे. आमचा आलेख जीडीपीमागे नाही, कांद्यामागे पळतो. 2023-24ला देश 8.2 टक्के वाढल्याचं छापून आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी. मार्चमध्ये एका सभासदाकडे हप्ता मागायला गेलो. त्याने खिशातून कांदा विकल्याची चुरगळलेली पट्टी काढली, हमाली-तोलाई कापून उरलेल्या रकमेवर बोट ठेवलं आणि गप्प बसला. मी पाणी पिऊन निघालो.

तरी 31 मार्चला थकबाकी कमीच दिसली. कशी? नवंजुनं. जुनं कर्ज भरलं असं दाखवायचं आणि लगेच त्याच माणसाला नवं द्यायचं. म्हणून मार्चचा आकडा बघू नका, 30 जूनचा मागा.

हिशोबनीस
हे महत्त्वाचं. आणि कर्जवाटप फुगलं की थकबाकीची टक्केवारी आपोआप उतरते, तेव्हा रक्कमही विचारा. गुरुजी, बँकेतल्या ठेवींना असतं ते 5 लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेला नसतं, हे ठाऊक आहे ना?

निवृत्त_मास्तर
बायकोला ठाऊक होतं, मला नव्हतं. सोमवारी सचिवांकडे जातो. सभासद आहे, आकडे देतील ना?

वसुलीवाला
कर्जदारांची नावं मागू नका, देणार नाहीत. एकूण रक्कम मागा. तोंडी नको, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्क्यासकट.