‘पिग्मी कोरी’ म्हणून आणलेला मासा नेमका कोणता?

प्रश्न: दुकानातून ‘पिग्मी कोरी’ या नावाने आणलेल्या, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या कॅटफिशपैकी काहींच्या अंगावर सलग काळी रेघ आहे, तर काहींच्या शेपटीच्या बुडाशी केवळ काळा ठिपका आहे. हा नर-मादीतील फरक आहे की या दोन जाती आहेत?

उत्तर १: या दोन निराळ्या जाती आहेत. तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत सलग रेघ असलेला मासा पिग्मियस असून त्याचे वर्णन १९६६ मध्ये झाले; पांढऱ्या कडेचा ठिपका असलेला हॅस्टाटस मात्र १८८८ पासून ज्ञात आहे. दोघेही तळाशी न राहता पाण्याच्या मध्यभागी थव्याने पोहतात, त्यामुळे व्यापारात त्यांची सरमिसळ होते. मादी अंगाने रुंद दिसते, पण नक्षी बदलत नाही.

उत्तर २: रेघ तुटक असेल आणि मासा बहुधा तळाशीच वावरत असेल, तर तो ओरिनोको खोऱ्यातील हॅब्रोसस असू शकतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझ्याकडील रेघ सलगच आहे. मग वहीत या माशांचे शास्त्रीय प्रजातीनाव ‘कोरिडोरास’ असेच लिहावे का?

उत्तर १: २०२४ च्या पुनर्रचनेत कोरिडोरास ही अवाढव्य प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) विभागली गेली आणि तुमच्याकडील दोन्ही जाती गॅस्ट्रोडर्मसमध्ये, तर हॅब्रोसस हॉप्लिसोमामध्ये गेला. कुशीवर अस्थिफलकांच्या (हाडाच्या कठीण पट्ट्यांच्या) दोनच रांगा असलेले त्यांचे कुळ, कॅलिक्थिडी, मात्र कायम आहे. दुकानदार जुनेच नाव वापरतील, म्हणून माझ्या मते दोन्ही नावे नोंदवावीत.