शब्दचर्चा: ‘ध्वनी मंद होतो’ म्हणजे हळू की क्षीण?

प्रश्न: ‘वायबीसीओ या अतिसंवाहक स्फटिकातला ऑक्सिजन घटला की स्वनातीत ध्वनी मंद होतो.’ या वाक्यात ‘मंद’ बरोबर आहे का?

– (वायबीसीओ म्हणजे यट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचं संयुग; अतिसंवाहक म्हणजे पुरेसं गार केल्यावर विजेला रोध न करणारं.) घोटाळा त्या एका शब्दातच आहे. मंद चाल म्हणजे हळू, मंद दिवा म्हणजे अंधुक. ध्वनीच्या बाबतीत वेग आणि क्षीणन (वाटेत तीव्रता घटत जाणं) या दोन निराळ्या राशी. वेग ‘घटतो’ म्हणा, तीव्रता ‘क्षीण होते’ म्हणा. ‘स्वनातीत’, म्हणजे ध्वनीहून वेगवान, तर विमान असतं. कानापलीकडच्या वारंवारतेला ‘श्राव्यातीत’.

– ऑक्सिजन या दोन राशींवर वेगवेगळ्या वाटांनी परिणाम करतो. वेग ठरतो ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून. रेणुसूत्रातले ऑक्सिजन ७ वरून ६ वर आले की वस्तुमान २.४ टक्के घटतं. नुसतं तेवढंच बदललं तर वेग १.२ टक्के वाढायला हवा. म्हणजे मोजणीत वेग घटलेला दिसला, तर ताठपणा वस्तुमानापेक्षा जास्त टक्क्यांनी घटलाय.
क्षीणनाची गोष्ट वेगळी. तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्यांत रिकाम्या जागा झाल्या की शेजारचे ऑक्सिजन अणू लहरीच्या ताणासरशी त्यांत उड्या मारतात आणि ऊर्जा खातात. ही उडी उष्णतेवर चालते, थंडीत गोठते. त्यामुळे ९० केल्विनच्या (उणे १८३ अंश सेल्सिअस) आसपास, जिथे हा स्फटिक अतिसंवाहक होतो, तिथे दिसणारं क्षीणन सरसकट तिच्या माथी मारू नये. यमलनाच्या भिंतीही, म्हणजे स्फटिकातल्या आरशातल्यासारख्या उलट रचनेच्या भागांमधल्या सीमाही, लहरी विखुरतात.

– आणखी एक: नुसतं ‘ऑक्सिजनचं प्रमाण’ मोघम आहे. ‘७ उणे डेल्टा’ (डेल्टा म्हणजे सातात जेवढा ऑक्सिजन कमी आहे तो आकडा) लिहा, तेही स्फटिकभर सारखं आहे की नाही हे पाहून. ऑक्सिजन सी अक्षाच्या, म्हणजे स्फटिकाच्या थरांना लंब, दिशेने फार सावकाश शिरतो. ४५० अंश सेल्सिअसला ऑक्सिजनच्या प्रवाहात काही दिवस ठेवावं लागतं. घाई केली तर वरचा थर भरतो, गाभा उपाशी राहतो. १०० मिलिग्रॅमचा स्फटिक ६ वरून ७ वर गेला तर वजन सुमारे २.५ मिलिग्रॅम वाढतं. पण वजन फक्त सरासरी सांगतं, गाभ्याचं काही सांगत नाही.

– ‘क्षीण’ लिहिण्याआधी स्फटिक आणि ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहर सोडणारं आणि टिपणारं उपकरण) यांचा जोडही तपासा. १ मिलिमीटर जाडी आणि सेकंदाला ४ किलोमीटर वेग धरला तर प्रतिध्वनी अर्ध्या मायक्रोसेकंदात परत येतो. गार करताना ट्रान्सड्यूसरखालचं ग्रीस तडकलं, तर प्रतिध्वनीची उंची कोसळते, येण्याची वेळ मात्र जवळपास तीच राहते. तिथे ऑक्सिजनचा काही संबंध नसतो.