डिस्कस माशाची पिल्लं आईबापाच्या अंगाला तोंड लावतायत, हा रोग आहे का?

काचवाला_डोंबिवली
नमस्कार मंडळी. तीन फुटी टाकी, पाणी ३० डिग्री, जोडी कुर्ल्याहून आणलेली. आधी २ वेळा दोघांनी अंडी खाऊन टाकली. या खेपेला राखली. अडीच दिवसांत फुटली, आणखी तीनेक दिवसांनी पिल्लं सुटून पोहायला लागली आणि थेट नराच्या अंगावर जाऊन चिकटली. सारखी टोचा मारत होती. दोघंही काळवंडलेले, अंगावर दुधी, जाडसर बुळबुळ. दुकानदाराला फोटो पाठवला, तो म्हणाला बुरशी आहे, पोटॅशियम परमँगनेट टाका. टाकलं. पिल्लांना लागण नको म्हणून वाटीनं उचलून २० लिटरच्या पेटीत ठेवली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देतोय, शिवाय पावडर. आज चौथा दिवस. दीडशेतली चाळीसेक उरली. खाताना दिसतात, पण पोट खपाटीला. भिंगातून बघितलं तर पावडर घातली तशीच खालून बाहेर. काय चुकतंय?

गप्पीवाला_सातारा
बलक बंद करा, पाणी नासतं त्यानं. पावडर चांगल्या कंपनीची घ्या. आमच्या गप्पीच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून चालते.

शिरगावची_ताई
दादा, आधी ते परमँगनेट थांबवा आणि पाणी बदला. त्यानं अंगावरची बुळबुळच जळते, आणि तीच तुमच्या पिल्लांचं जेवण आहे. पिल्लं लुचतायत, वासरासारखी. पिल्लं सांभाळताना डिस्कस काळे पडतात आणि त्यांच्या कातडीतून श्लेष्मा, म्हणजे हीच बुळबुळ, जास्त पाझरतो. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी २०१० साली हे मोजून छापलं: अंडी घातली की या श्लेष्म्यातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी) वाढतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा पहिल्यासारखी होतात. त्याच सुमाराला आईबाप पिल्लांना चुकवून लांब पोहायला लागतात. दूध तोडणंच म्हणा.

आता पावडर तशीच बाहेर का येते. इतक्या लहान पिल्लाच्या पोटात जठर म्हणावं असं काही नसतं, जवळजवळ सरळ नळीच असते. यकृत आणि स्वादुपिंड तेवढे कामाला लागलेले असतात, म्हणजे पित्त आहे, प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन आहे. पण जठराच्या भिंतीतल्या ग्रंथी बनायच्या असतात, त्यामुळे आम्लही नाही आणि जठरात प्रथिनं फोडणारं पेप्सिनही नाही. (माशात ही दोन्ही कामं एकच पेशी करते, आपल्यात दोन वेगळ्या. परीक्षेला हमखास यायचं.) शिजवून दाबून केलेलं कोरडं प्रथिन या अर्धवट यंत्रणेला फुटत नाही. आईबापाच्या श्लेष्म्यातलं प्रथिन पाण्यात विरघळलेलं असतं, आणि आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी तर प्रथिनं अख्खी गिळून आतल्या आत पचवतात.

आणखी एक, माशाला लाळ नसते. घशात आणि अन्ननलिकेत कलशासारख्या पेशी असतात, त्या श्लेष्मा सोडतात. घास सरकतो तो त्यावर. पिल्लात याही पेशी हळूहळू वाढत जातात. रत्नागिरीला शिकताना सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या कापात त्या निळ्या ठिपक्यांसारख्या दिसायच्या. मला त्या मोजायचा फार कंटाळा यायचा.

सातारकर, गप्पीचं पिल्लू महिनाभर आईच्या पोटात राहून तयार होऊनच बाहेर पडतं. त्याची तुलना इथे नको.

उरलेली आज रात्रीच परत सोडा. टाकीतलं पाणी कमी करा, म्हणजे पिल्लांना आईबाप सापडतील. रात्री मंद दिवा ठेवा. आठ दिवस तरी वेगळी करू नका. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, अंड्यांतून घरीच फोडायचा) आता सुरू करा, पण आईबापाजवळ असतानाच: लिटरला २५ ग्रॅम मीठ, २८ डिग्री, हवा चालू, २४ तासांत फुटतो. ताजा फुटलेलाच द्या, शिळ्यात दम नसतो.

शेततळं_इंदापूर
ताई, माझा रोहू-कटल्याचा धंदा. मत्स्यजिरे (नुकती फुटलेली बारीक पिल्लं) आणले की शेण घालून पाणी हिरवं केलेल्या तळ्यात सोडतो, वर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. आमच्या माशाला जठर कधी येतं?

शिरगावची_ताई
कधीच नाही! रोहूला जन्मभर जठर नसतं. आतडं लांबच लांब होत जातं आणि सगळं काम तेच करतं. मासा कापलात तर स्वादुपिंड वेगळं दाखवता येणार नाही, ते यकृतात मिसळलेलं असतं. जिरे पहिल्यांदा तुमचा कोंडा खात नाहीत, त्या पाण्यातले बारीक प्राणीप्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, खातात. तुमच्या शेणाचं खरं काम ते.

काचवाला_डोंबिवली
३८ सोडली काल रात्री ११ वाजता. मादी झटकून पळाली, औषधानं तिची कातडी दुखत असावी. नर जागचा हलला नाही. सकाळी मोजली तर २६ त्याच्या अंगावर, पोटं गोल. आत्ता मादी जवळ आली, तर त्यानं अंगाला एक हिसका दिला आणि अर्धी तिच्याकडे गेली. हे असं ते ठरवून करतात का?

शिरगावची_ताई
हो, पाळ्या लावतात. मादीकडे गेली म्हणजे तिची कातडी सुधारतेय.