व्हर्जिनियाची तंबाखू अन् आमचा भीमेकाठचा ऊस

भीमाकाठ, मंगळवेढा
नमस्कार मंडळी. भाचीच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचं प्रकरण वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जाईना. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ नावाच्या इंग्रजानं व्हर्जिनियात तंबाखू लावली. भाव मिळाला, तसं लोकांनी धान्यच सोडलं. १६१६ मध्ये गव्हर्नर डेलला हुकूम काढावा लागला: माणशी दोन एकर मका लावा, मगच तंबाखू. तरी पुढच्याच वर्षी तिथल्या जेम्सटाउन गावात रस्त्यावर, बाजाराच्या जागेत तंबाखू उभी!

आमचंही तेच झालंय. ज्वारीच्या गावात राहून भाकरीची ज्वारी विकत आणतो. चार एकरांत पंधरा वर्षं ऊस. ओढ्याकडची पट्टी क्षारानं खराब होऊन चोपण झाली. सकाळी वर पांढरं फुटलेलं असतं, पायाखाली कुरकुरतं. त्या लोकांच्या रानाचं पुढं काय झालं?

करमाळकर
तीन-चार वर्षांत कस जायचा. मग ते रान पडीक टाकायचं, बऱ्याचदा वीस वर्षं, अन् पुढचं जंगल धरायचं. झाडं तोडत बसायचे नाहीत. बुंध्याची साल गोल काढून उभी वाळवायची आणि मधल्या जागेत कुदळीनं लागवड. ती जमीन मूळच्या लोकांची, हे विसरू नका. आणि शेंडे खुडणं, बगलफूट काढणं, अळ्या वेचणं सगळं हातानं. आधी करारानं आणलेले इंग्रज गडी राबले. १६१९ पासून आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं यायला लागली, पुढं सगळा भार गुलामांवरच. दादा, तुम्ही चार एकर सोडून कुठं जाणार?

बार्शीची ताई
मूळच्या लोकांची पद्धत बघा. मातीच्या उंचवट्यावर मका, त्याच्या ताटावर घेवड्याचा वेल, खाली भोपळा. घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात, तण दाबतात. १६२१ मध्ये प्लिमथ वसाहतीतल्या उपाशी इंग्रजांना त्यांच्यातल्याच टिस्क्वांटमनं मका लावायला शिकवला, बुडाशी मासळीचं खत घालून. आपल्या बाजरीतल्या तुरीच्या ओळी आठवल्या की नाही?
चोपण पट्टीला आधी पाणी निचरायला चर काढा. मग ढैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून फुलावर यायच्या आत गाडा.

भीमाकाठ, मंगळवेढा
ताई, आठवल्या. आमची आई करडईचे तास पाडायची ज्वारीत, अगदी मोजून. उसाचा खोडवा तुटला की दोन एकर मोडतो. पावसाळ्यात ढैंचा, आणि हस्ताच्या ओलीवर मालदांडी ज्वारी. बियाणं घरचं उरलं नाही. कुणाकडं खात्रीचं असेल तर सांगा, मी येऊन नेतो.