उत्तर: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा जादा कूलर रेडिएटरच्या आधी की नंतर?

नंतरच. गिअरबॉक्सचं गरम ऑइल आधी रेडिएटरमधून, मग जादा कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्सकडे. म्हणजे ते जास्तीत जास्त गार होऊन परत जातं. म्हणजे जादा कूलर रेडिएटरकडून येणाऱ्या परतीच्या लाइनवर बसतो, पण ती लाइन अंदाजाने ठरवू नका. थंड इंजिन सुरू करा. जो पाइप आधी तापतो, तो रेडिएटरकडे जाणारा; दुसरा परतीचा.

खरी गळती जोडावर होते. कापलेल्या स्टील पाइपचं टोक गुळगुळीत असतं, क्लॅम्प कितीही आवळला तरी होज (रबरी नळी) दाबाने सरकतो. फ्लेअरिंग टूलने, म्हणजे पाइपचं टोक फुलवणाऱ्या हत्याराने, टोकाची कड उठवा, होज इंचभर चढवा, क्लॅम्प कडेच्या मागे बसवा. होज ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच हवा, साधा पेट्रोल पाइप कडक होऊन तडकतो. आणि कृपा करून कूलर रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिक टाय ओवून टांगू नका, घासून नळ्या फुटतात. ब्रॅकेट बनवा.