मदत हवी आहे: ब्रुनफेल्सियाची पानं पिवळी, फुलांचा पत्ता नाही

मंडळी, ब्रुनफेल्सिया कोणी कुंडीत वाढवलाय का? यस्टरडे-टुडे-टुमॉरो म्हणून विकतात तो, मूळचा ब्राझीलचा. फूल उमलतं गडद जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट होतं आणि मग पार पांढरं, त्यामुळे बहर आला की एकाच झुडपावर तिन्ही रंग. आणला तेव्हा कळ्यांनी भरलेला होता, तो बहर संपला आणि त्यानंतर नुसती पानं, आणि आता तीही धड नाहीत.

शेंड्याची नवी पानं लिंबासारखी पिवळी येतायत पण शिरा मात्र हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं ठीक आहेत. कुंडी १२ इंची, ऊन सकाळचं, पाणी बोअरचं, कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो. गांडूळखत आणि अधूनमधून १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देते. कोणीतरी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) सांगितलं, दिलं, ढिम्म फरक नाही. छाटणी केव्हा करायची हेही सांगा, कारण सध्या नुसताच उंच चाललाय. आणि हो, घरात कुत्रा आहे, दिसेल ते चावतो, चालेल ना?

प्रतिसाद:
ताई, ही लोहाची कमतरता. मॅग्नेशियमची असती तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती, म्हणून एप्सम सॉल्टने काही झालं नाही. मातीत लोह असेलही, पण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर गेला की मुळांना ते उचलताच येत नाही, तो पांढरा थर त्याचाच. याला साधारण ५.५ ते ६.५ सामू लागतो. साधं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं मीठ) अशा मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं, त्यामुळे चिलेटेड आयर्न (मातीत अडकून न बसणारं लोह) घ्या, त्यातलं ईडीडीएचए वालं, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मुळाशी ओता. पाणी लालभडक होतं, फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच. राख, चुना, अंड्याची टरफलं यातलं काहीही घालू नका, प्लीज. लोक काहीही सल्ले देतात.

प्रतिसाद:
फुलांचं मी सांगतो. १९-१९-१९ सध्या बंद करा, नत्र जास्त झालं की हा नुसता पानावर जातो. कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की लगेच हलकी छाटणी, उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील. थंडीत पाणी जरा हात आखडून द्या, पण माती पूर्ण कोरडी नको. सकाळचं ऊन बरोबर आहे, दुपारचं कडक नको. छाटलेल्या अर्धवट पिकलेल्या फांद्या रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) लावून सावलीत लावून बघा, वर प्लास्टिकची पिशवी घाला. मुळं फुटायला वेळ घेतो, उपटून बघत बसू नका.

प्रतिसाद:
कुत्र्याचं कोणी बोललंच नाही! धोत्र्याच्याच कुळातलं झाड आहे हे, आणि कुत्र्यांना चांगलंच विषारी, पानं, फुलं सगळंच, बियांना तर जास्तच जपा. खाल्लं तर उलट्या, थरथर, झटके येतात. घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरकडे पळा. कुंडी उंचावर ठेवा आणि फळं धरली तर लगेच तोडा, पडलेली उचला.

मूळ धागाकर्ती:
बाप रे, कुंडी आजच हलवते. ईडीडीएचए मागवलंय. पिवळी झालेली पानं परत हिरवी होतील का?

प्रतिसाद:
थोडीफार होतील, फार पिवळी झालेली नाही. त्यांच्याकडे बघू नका, नवी फूट कशी येते ते बघा. ती हिरवी आली तर औषध लागू पडलं.