व्हिस्की घातलेल्या व्हीगन ब्राउनीला ‘आरोग्यदायी’ म्हणावे का?

कोकोबी (धागाकर्ती):

लोणी व अंडी वगळून आणि साखर कमी करून केलेल्या ब्राउनीत थोडी व्हिस्की घालणे योग्य आहे, असे माझे मत आहे आणि त्यावर जाणकारांनी खुलेपणाने बोलावे अशी इच्छा आहे. ब्राउनी आरोग्याच्या दृष्टीने सुधारायची म्हटली की बहुतेक जण साखर निम्म्यावर आणतात आणि तेथेच थांबतात. परंतु साखर केवळ गोडी देत नाही. ती कोकोचा कडवटपणा आवरते, ओलावा धरून ठेवते आणि वरचा तकतकीत, तडकलेला पापुद्राही तिच्यामुळेच येतो. ती काढली की ब्राउनी चवीला बोथट होते, आणि असा पदार्थ घरातली माणसे दुसऱ्यांदा मागत नाहीत.

येथे व्हिस्की उपयोगी पडते. ओकच्या पिंपात मुरताना तापवलेल्या लाकडातील लिग्निन या घटकापासून तयार झालेले व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या गंधाचे द्रव्य, तिच्यात उतरते, आणि व्हॅनिलाचा गंध आपण गोडीशी इतका जोडलेला असतो की तेवढ्याच साखरेत पदार्थ अधिक गोड लागतो. माझे प्रमाण असे: २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्याला २४० ग्रॅमऐवजी १४० ग्रॅम साखर, गंधहीन वनस्पती तेल, अंड्यांऐवजी जवसाची पूड, भरपूर कोको आणि ३० मिलिलिटर व्हिस्की. सोळा तुकडे केले तर दर तुकड्यामागे साखर १५ ग्रॅमवरून ९ ग्रॅमच्या आत येते. व्हिस्की धान्य, पाणी आणि यीस्ट यांपासून बनते, म्हणून प्राणिजन्य काहीही न वापरण्याच्या व्हीगन तत्त्वालाही बाध येत नाही. मात्र दुधाची साय किंवा मध घातलेली व्हिस्की-लिकर त्यात बसत नाहीत.

तोलकाटा:

आपली साखर कमी करण्याची तळमळ मला पटते, व्हिस्कीला ‘आरोग्यदायी’ या शब्दाच्या छत्राखाली आणणे मात्र पटत नाही. ओव्हनमध्ये अल्कोहोल पूर्ण उडून जाते हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते हे खरे, पण पाण्यात मिसळलेले असताना ते एकटे निघून जात नाही, आणि घट्ट मिश्रणातून तर त्याची सुटका आणखी सावकाश होते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार मिश्रणात ढवळलेले अल्कोहोल १५ मिनिटे भाजल्यावर सुमारे ४० टक्के उरते, ३० मिनिटांनी ३५ टक्के, आणि अडीच तासांनीही ५ टक्के. ब्राउनी तर २५ मिनिटांत बाहेर काढायची असते, नाहीतर तिचा केक होतो.

आता हिशेब पाहा. ४० टक्के अल्कोहोलच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत साडेनऊ ग्रॅमच्या आसपास इथेनॉल असते. त्यातले साडेतीन ग्रॅम उरले, तर प्रत्येक तुकड्यात ते पाव ग्रॅमच्या थोडे आत भरते. ही मात्रा अल्प आहे, हे मी मान्य करतो. परंतु अल्कोहोलयुक्त पेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, आणि अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. अशा घटकाला सुधारणेचे साधन म्हणून पुढे करणे मला अप्रामाणिक वाटते. त्याला चैन म्हणा, माझी हरकत नाही.

मधुपर्क:

मला तर हा वादच अनावश्यक वाटतो. व्हिस्की काढा, साखरेऐवजी खजुराची पेस्ट घाला, तेलाऐवजी खोबरेल तेल घाला. सारे नैसर्गिक, आणि चवही उत्तम.

तोलकाटा:

मधुपर्क, नैसर्गिक असणे आणि हितकर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून अधिक असते, म्हणजे लोण्यापेक्षाही बरीच जास्त. हृदयाचा विचार करून लोणी सोडायचे आणि खोबरेल तेल घ्यायचे, हा उलटा प्रवास आहे. वाळलेल्या खजुरातही वजनाच्या सुमारे ६० ते ७० टक्के साखरच असते. तंतू आणि पोटॅशियम मिळते हा त्याचा खरा लाभ, पण म्हणून तो मोजून घालायला नको असे नाही. या बाबतीत कोकोबी यांचे प्रमाण आपल्या प्रमाणापेक्षा सरस आहे, असे मी त्यांच्याशी मतभेद असूनही म्हणतो.

कोकोबी:

तोलकाटा, आपला हिशेब मी पूर्णपणे स्वीकारते. माझा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. बेकिंगमध्ये सर्रास वापरला जाणारा व्हॅनिला अर्क घ्या. अमेरिकी मानकानुसार त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असते, आणि तरीही कोणी त्या बाटलीकडे बोट दाखवत नाही. आरोग्याच्या दृष्टीने सुधारलेला पदार्थ म्हणजे निर्दोष पदार्थ नव्हे, तर जुन्या कृतीच्या तुलनेत कमी अपायकारक पदार्थ. दर तुकड्यामागे ६ ग्रॅम साखर वाचवण्यासाठी पाव ग्रॅमहून कमी इथेनॉल पत्करणे हा मला वाजवी सौदा वाटतो, विशेषतः मुक्त साखर (वरून घातलेली, तसेच मध व फळांच्या रसातली) दिवसाकाठी एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असे तीच जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम. दोन तुकडे खाल्ले की जुन्या कृतीने ही मर्यादा ओलांडलीच.

जवस:

मी मुद्दा थोडा कृतीकडे वळवते, कारण बरेचसे उत्तर तेथेच दडलेले आहे. भाजताना अल्कोहोलबरोबर व्हिस्कीचा बराचसा सुगंधही उडतो, आणि म्हणून पुष्कळ जण ओव्हनमधून काढल्यावर ब्राउनीवर ब्रशने आणखी व्हिस्की लावतात. गंध सुरेख येतो यात शंका नाही, पण त्या थरातले अल्कोहोल जवळजवळ सगळे राहते. १५ मिलिलिटर लावली तरी दर तुकड्यामागे आणखी ०.३ ग्रॅम पडते, म्हणजे भाजून उरलेल्यापेक्षा जास्त. कोकोबी, आपला सौदा केवळ मिश्रणात घातलेल्या व्हिस्कीपुरता खरा आहे. वरून लावणार असाल, तर तो पुन्हा तपासावा लागेल.

बांधणीचा विचारही हवा. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की बुळबुळीत जेल तयार होते. ते मिश्रण बांधते, पण अंड्यासारखे घट्ट होत नाही. त्यात व्हिस्कीचा अधिक द्रव आला तर मध्यभाग चिखलासारखा राहतो, म्हणून जितकी व्हिस्की घालाल तितके पाणी किंवा वनस्पतीजन्य दूध कमी करा. आणि कोको अल्कली प्रक्रिया न केलेला घ्या. त्या प्रक्रियेने रंग गडद व चव सौम्य होते, परंतु ज्यांच्यासाठी कोकोला आरोग्याच्या गप्पांत मान मिळतो ती फ्लॅव्हनॉल्स नावाची वनस्पतिजन्य संयुगे मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. साधा कोको गरम पाण्यात भिजवून घेतला की त्याचा गंध असा खुलतो की व्हिस्की निम्मी पुरते.

निरामय:

पाव ग्रॅम अल्प आहे की नाही, हे खाणाऱ्याला ठरवू द्यावे, आणि त्यासाठी त्याला आधी ते ठाऊक असले पाहिजे. ब्राउनी हा लहान मुलांच्या हाती सहज जाणारा पदार्थ आहे. गर्भवती स्त्रिया, धर्माच्या कारणाने मद्य वर्ज्य असलेले लोक, डायसल्फिरामसारखे, मद्याशी तीव्र प्रतिक्रिया होणारे औषध घेणारे रुग्ण, आणि प्रयत्नपूर्वक व्यसनातून बाहेर पडलेली माणसे यांना ग्रॅमांचा हिशेब लागू पडत नाही. व्यसनमुक्त माणसाला तर उरलेल्या इथेनॉलपेक्षा तो वास आणि ती चवच घातक ठरू शकते. ‘व्हीगन’ आणि ‘आरोग्यदायी’ हे दोन शब्द ऐकले की माणूस निःशंक होऊन हात पुढे करतो. माझा विरोध व्हिस्कीला नाही, त्या निःशंकपणाचा गैरफायदा घेण्याला आहे.

कोकोबी:

निरामय, हे मला मनापासून मान्य आहे. पदार्थाच्या नावातच ‘व्हिस्की’ हा शब्द पहिला असावा आणि ताट पुढे करताना तो तोंडानेही सांगावा. साखर कमी केल्याचा दावा मात्र मी सोडणार नाही, कारण तो मोजून केलेला आहे.

तोलकाटा:

मग ‘कमी साखरेची व्हिस्की ब्राउनी’ असे म्हणा. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ‘आरोग्यदायी’ हे विशेषण मी अजूनही नाकारतो, आणि व्हिस्कीऐवजी व्हॅनिलाच्या शेंगेतील बिया व कडक कॉफी घातली तर हीच १४० ग्रॅमची ब्राउनी चवीला उणी पडते, हे कोणी दोन्ही साचे शेजारी ठेवून दाखवेपर्यंत नाकारत राहीन.